चोरून खाल्लेला पाव

गणपतीच्या दिवसांत आम्हा कोकणातल्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आदल्या दिवशी मोदक वळून वळून बोटं दुखत असतात आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी दारात उभी. सुरण, अळू, लाल माठ, भेंडी, मक्याची कणसं, परसात जे पिकलं असेल त्याची मिळून भाजी. बैलाच्या कष्टाचं त्यात काही घालायचं नाही हा नियम. मी भाजी चिरत होते आणि शेजारी पाटावर बसून माझी लेक वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ करत होती. विषय होता आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र. तिच्या वाट्याला आले होते डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

जन्म ६ जुलै १८३७, मालवण. निधन २४ ऑगस्ट १९२५, पुणे. त्या दिवशी ऋषिपंचमी होती, असं लेकीने वाचलं आणि माझा विळीवरचा हात थांबला. माजघरात सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, त्यांनीही मान वर केली. ज्यांना लोक महर्षी म्हणायचे ते गेले तेही ऋषींच्याच दिवशी!

खरं सांगते, तोवर मला भांडारकर म्हणजे पुण्यातली जुन्या पोथ्यांची संस्था एवढंच माहीत होतं. आमच्या तळेऱ्याहून मालवण काही फार लांब नाही. कणकवलीला गाडी बदलली की दुपारच्या जेवणाला मालवणात. पण तिथल्या माशांची चव जितकी ठाऊक, तितका तिथे जन्मलेला हा माणूस ठाऊक नव्हता. लेकीच्या टिपणात एक वाक्य होतं, की विद्यार्थी असताना ते परमहंस सभा नावाच्या गुप्त मंडळीत होते. तिने विचारलं, आई, देवाधर्माचं चांगलं काम करायचं तर ते गुप्त कशाला? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मग गणपती विसर्जनानंतर वाचनालयातून पुस्तकं आणून बसले. वाचता वाचता माझ्या घरातली, मी वीस वर्षं झाकून ठेवलेली एक गोष्ट आठवत राहिली. ती शेवटी सांगते. आधी रामकृष्णाची गोष्ट.

गौड सारस्वत ब्राह्मणाचं घर. वडील मालवणच्या मामलेदार कचेरीत कारकून. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हताच, तो झाला १९८१ साली. सगळा मुलूख रत्नागिरीच्या कारभारात. मालवणात इंग्रजी शिकायची सोय नव्हती. मुलाचं नशीब असं की १८४७ साली वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि दहा वर्षांच्या रामकृष्णाला इंग्रजी शाळा मिळाली. ती बदली झाली नसती तर कदाचित तोही कचेरीत लेखणी खरडत बसला असता. मुलगा हुशार निघाला. १८५३ च्या सुरुवातीला तो मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. वय साडेपंधरा. त्या वयात घर सोडून परमुलखात राहायचं म्हणजे काय, ते आपली मुलं मुंबईला नोकरीला धाडणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या आयांना सांगायला नको.

त्या वेळची मुंबई म्हणजे नुसती खळबळ. आमच्या तळेऱ्याच्या शेजारच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर याच मुंबईत १८३२ साली दर्पण काढून पहिले मराठी पत्रकार झाले होते. १८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाच्या मुलाचं प्रकरण गाजलं. त्याचा थोरला भाऊ ख्रिस्ती झालेला आणि हा भावाबरोबर मिशनऱ्यांकडे राहिलेला. तिथलं अन्नपाणी पोटात गेलं म्हणून सनातनी मंडळी त्याला परत घ्यायला तयार नव्हती. बाळशास्त्री मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला घरात घ्या, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी जातीचा रोष ओढवून घेतला. तीनच वर्षांनी, १८४६ मध्ये, ते वारले. रामकृष्ण मुंबईला पोचला तेव्हा बाळशास्त्री नव्हते, पण त्यांनी शिकवलेली माणसं होती. त्यांच्यातलेच दादाभाई नौरोजी कॉलेजात गणित शिकवत होते. मालवणचा ब्राह्मण मुलगा आणि पारशी गुरू.

त्याच काळात मुंबईत आणखी एक नवलाची गोष्ट होती, ती म्हणजे लॉज. आपल्याकडे लॉज म्हटलं की हायवेवरच्या बोर्डिंग-लॉजिंगच्या पाट्याच डोळ्यांपुढे येतात. हे लॉज वेगळं. फ्रीमेसन नावाचा बंधुभाव मानणारा एक पंथ युरोपातून साहेबांबरोबर इथे आला होता. त्यांच्या बैठकीच्या जागेला आणि मंडळीलाही लॉज म्हणत. बंद दाराआड बैठका, खुणा, शपथा असा सगळा प्रकार. आत शिरायला अमुकच धर्म पाहिजे अशी अट नव्हती, ईश्वरावर विश्वास असला की पुरे. ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची आणि आत धर्मावरून वाद घालायचा नाही. नियम चांगलेच. पण माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी मुंबईच्या लॉजमध्ये यायचं म्हटलं, तेव्हा गोऱ्यांनी त्यांना घेतलं नाही. बंधुभाव कागदावर राहिला. शेवटी डॉक्टर जेम्स बर्न्स या स्कॉटिश गृहस्थाने पुढाकार घेतला आणि १८४३ साली रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे हिंदी लोकांना प्रवेश देणारं लॉज मुंबईत निघालं. पारशी आणि मुसलमान गृहस्थ तिथे एका ओळीत बसू लागले. (याच माणकजींनी पुढे १८६३ साली मुलींची इंग्रजी शाळा काढली, हे आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवं.)

आपल्या मराठी माणसांनीही दाराला कडी लावून बसणारी एक मंडळी काढली, ती ही परमहंस सभा. तिच्यामागे होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी व्याकरण लिहिणारे म्हणून शाळेत आपण त्यांचं नाव ऐकलेलं असतं. त्यांचं व्याकरण १८३६ चं. केकावलीवर त्यांनी टीका लिहिली तिचं नाव यशोदा पांडुरंगी. आईचं नाव यशोदा, वडिलांचं पांडुरंग, दोघांना पुस्तकाच्या नावात बसवणारा हा लेक. सुरतेला शिक्षक असताना १८४४ साली त्यांनी दुर्गाराम मेहता यांच्याबरोबर मानवधर्मसभा काढली होती. मुंबईला परतल्यावर १८४९ च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे पहिले अध्यक्ष. दादोबांचे धाकटे भाऊ डॉक्टर आत्माराम हेही त्यात होते.

परमहंस म्हणजे दूध आणि पाणी वेगळं करणारा हंस. धर्मातलं दूध ठेवायचं, पाणी टाकायचं. ईश्वर एकच, मनुष्यमात्राची जात एकच, ज्ञानाचा हक्क सगळ्यांना, ही यांची तत्त्वं. सभेची सुरुवात आणि शेवट दादोबांनी रचलेल्या मराठी प्रार्थनांनी व्हायचा. आणि दीक्षा कशी? नवा सभासद आला की त्याने जातिभेद सोडल्याची प्रतिज्ञा करायची. मग ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बस, एवढंच.

आज पाव म्हणजे काय? आमच्या नाक्यावर सकाळी सातला पाववाला सायकलची घंटी वाजवतो, आम्ही लादीच्या लादी घेतो, कोणी भाजला ते विचारत नाही. पण तेव्हा त्या एका घासात जात जायची. जात गेली म्हणजे भटजी दारात येणार नाही, बहिणीचं लग्न जमणार नाही, घरात कोणी गेलं तर खांदा द्यायला माणूस मिळणार नाही. म्हणून तो घास बंद खोलीत. सभासद पुरेसे झाले की एक दिवस सगळ्यांनी मिळून जगाला सांगायचं असं ठरलेलं. तो दिवस कधी उजाडला नाही.

मालवणचा रामकृष्ण या सभेत आला तो सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी म्हणून. आपल्याच सावंतवाडीजवळच्या माणगावचे नारायण महादेव परमानंद, ज्यांना पुढे महाराष्ट्राने मामा परमानंद म्हणून ओळखलं, तेही त्याच सभेतले. म्हणजे मुंबईच्या त्या बंद खोलीत आपल्या लाल मातीतली निदान दोन पोरं होती. घरी सोवळ्यात वाढलेल्या त्या मुलाने पावाचा तो पहिला तुकडा कसा गिळला असेल? माझ्या मनात तो प्रसंग राहून राहून येतो.

आणि आणखी एक मनात येतं. त्या खोलीत एकही बाई नव्हती. फ्रीमेसनांच्या लॉजात नव्हती आणि परमहंसांच्या सभेतही नव्हती. हे सगळे सभा उरकून घरी जायचे, तिथे आई, बायको, विधवा आत्या, मावशी असायच्या. त्यांच्या ताटवाटीत काही बदलत नव्हतं. ज्या घरात जात रोज सकाळी चुलीपाशी पाळली जात होती, तिथपर्यंत ही सभा पोचलीच नाही.

मग १८६० च्या सुमारास व्हायचं ते झालं. सभेची कागदपत्रं, त्यात सभासदांची नावं, चोरीला गेली आणि नावं बाहेर फुटली. घरोघर हलकल्लोळ. बहिष्काराच्या भीतीने माणसं मागे सरली आणि सभा मोडली. दहा-अकरा वर्षांचा खेळ एका यादीने संपला.

रामकृष्ण तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. त्यांनीही तिथेच विषय सोडून दिला असता तर आज मी हे लिहीत बसले नसते. त्यांनी अभ्यासात डोकं घातलं. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते आले, महादेव गोविंद रानड्यांच्या बरोबरीने. पुढे सिंधमधल्या हैदराबादेला आणि मग रत्नागिरीला, ज्या गावात इंग्रजीचे पहिले धडे घेतले त्याच गावात, हेडमास्तर झाले. मुलांना सोप्या रीतीने संस्कृत शिकता यावं म्हणून त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. पिढ्यान्पिढ्या ती चालली. संस्कृत म्हणजे मूठभरांची मिरास, ती त्यांनी शाळेच्या बाकावर आणून ठेवली. त्यांच्या विद्वत्तेची यादी मोठी आहे. दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, हस्तलिखितं गोळा केली, जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली त्यांना डॉक्टर केलं, १८८६ साली व्हिएन्नाच्या विद्वानांच्या परिषदेला गेले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मालवणच्या कारकुनाचा मुलगा कुठून कुठे गेला!

पण मला त्यांच्या पदव्यांपेक्षा दुसरी वाट बघायची होती. बंद खोलीतून बाहेर पडायची.

१८६७ साली आत्माराम पांडुरंगांनी मुंबईत प्रार्थना समाज काढला. जुन्या परमहंसांपैकी काही जण पुन्हा गोळा झाले. दोन-तीन वर्षांत भांडारकर आणि रानडे दोघेही त्यात आले. या वेळी दार उघडं होतं. कोणीही यावं, प्रार्थनेला बसावं. पाव खाण्याची दीक्षा नव्हती. मूर्तिपूजा नको, ईश्वर एक, माणसं सारखी, हा विचार तोच. पण तो सांगायला त्यांनी तुकोबांचे अभंग घेतले, कीर्तन घेतलं. आपल्याच माजघरात आजी जे गुणगुणायची तेच. मला वाटतं भांडारकरांचं मोठेपण इथे आहे. परंपरा मोडली असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ते जुने ग्रंथ उघडून बसायचे आणि दाखवायचे, की बघा, हे तर आपल्याकडे होतंच, मधल्या काळात आपण हरवलं. बुद्धाचा उपदेश असो, गीता असो, संतांची वाणी असो, जिथे चांगलं दिसेल तिथून ते घ्यायचे. वैष्णव, शैव आणि इतर पंथांचा इतिहास सांगणारं त्यांचं पुस्तक १९१३ साली निघालं. त्यात त्यांनी एकेका पंथाच्या देवाचं मूळ शोधलं आहे. ज्याला इतक्या वाटा माहीत, तो आपलीच एक वाट खरी असा हट्ट कसा धरणार?

प्रार्थना समाजावर टीकाही पुष्कळ झाली. रविवारी प्रार्थनेत जात नाही म्हणायचं आणि सोमवारी घरी सगळं जुनंच, असं लोक म्हणत. ती टीका अगदी खोटी नव्हती. रानड्यांसारखा माणूस, विधवाविवाहाचा कैवारी. १८७३ साली पहिली पत्नी वारली तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न करावं लागलं. त्याच आपल्या रमाबाई रानडे. रानड्यांनी त्यांना शिकवलं, मोठं केलं, ते सोनंच झालं. पण सुधारकाचे हात घरात किती बांधलेले असतात ते यावरून कळतं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण उपटलं. पाहुणे म्हणून गेलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली, मग गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. रानडे, टिळक सगळेच त्यात सापडले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. पावाच्या त्या घासाला चाळीस वर्षं लोटली होती आणि कपभर चहावरून अजून नावांची यादी छापली जात होती!

याच धामधुमीत, १८९१ साली, भांडारकरांच्या घरात परीक्षेची वेळ आली. त्यांची एक मुलगी विधवा झाली होती. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने परवानगी मिळून तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. कायदा १८५६ चा. पण कायद्याने परवानगी आणि आपल्या अंगणात मांडव यात केवढं अंतर असतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. दुसऱ्यांच्या मुलींबद्दल सभेत बोलणारे पुष्कळ होते. स्वतःची लेक म्हटली की जीभ टाळ्याला चिकटायची. घरात इतर मुलं असतात, त्यांची लग्नं असतात, बायकोला चार बायकांत उठावं-बसावं लागतं.

भांडारकरांनी लेकीचं पुन्हा लग्न लावून दिलं. चोरून नाही, परगावी नेऊन नाही. ज्ञातीतून व्हायचा तो विरोध झाला, तो त्यांनी सोसला. माघार घेतली नाही, प्रायश्चित्तही घेतलं नाही. सोळाव्या वर्षी कडी लावून खाल्लेला पाव त्यांनी चौपन्नाव्या वर्षी असा चारचौघांत पचवून दाखवला, असं मला वाटतं.

त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला होता. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढीच गोष्ट. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. भांडारकरांनी शास्त्रं उघडली आणि प्राचीन काळी मुली वयात आल्यावर लग्न होत असे, हे आधार देऊन मांडलं. शास्त्राच्या नावाने ओरडणाऱ्यांना शास्त्राने उत्तर. एवढं संस्कृत कोणासाठी शिकले, या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. आठ-दहा वर्षांच्या पोरींसाठी शिकले.

त्याआधी १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. ते काढणाऱ्यांत रानडे, वामनराव मोडक यांच्याबरोबर भांडारकर होते. १९१२ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी पुण्यात अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरवली, तिचे अध्यक्ष भांडारकर, वय पंचाहत्तर. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, त्याचे पहिले कुलपती भांडारकरच. म्हणजे ज्या माणसाची सुरुवात एकही बाई नसलेल्या खोलीत झाली, तो म्हातारपणी बायकांच्या विद्यापीठाचा कुलपती झाला. १९१७ साली ऐंशी वर्षं पुरी झाली त्या दिवशी, ६ जुलैला, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली. त्यांनी जमवलेली पुस्तकं तिथे गेली.

ते काही लोकांना डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटेल असे पुढारी नव्हते. सरकारशी जमवून घेणारे, स्वभावाने शिस्तीचे, शब्दाशब्दाला पुरावा मागणारे. टिळकांच्या काळात अशा माणसाला टाळ्या कुठून मिळणार? पण लेकीच्या पाठीशी उभं राहायला टाळ्या लागत नाहीत.

आता माझी गोष्ट.

लग्न होऊन तळेऱ्यात आले तेव्हा शिवणक्लासात एक मैत्रीण भेटली. तिचं माहेर खारेपाटणचं, मुसलमान घर. तिचा हात बघून मी ब्लाऊजचा गळा शिकले, माझा बघून ती फ्रिल शिकली. दर ईदला तिच्याकडे जाते. शीरखुर्मा खाते, वाटी चाटूनपुसून. आणि घरी आले की सासूबाईंनी विचारायच्या आधीच सांगून टाकते, की नुसती बसले हो थोडा वेळ. सासूबाईंचं सोवळं कडक. गौरीचा नैवेद्य करताना आम्हालासुद्धा शिवायला बंदी. त्यांना दुखवायचं नाही, घरात शांतता राहिली पाहिजे, अशी मी स्वतःची समजूत घातलेली. मैत्रीणही समजूतदार. माझ्याबरोबर घरी डबा द्यायचा विषय तिने कधी काढला नाही. पहिल्या वर्षी एकदा काढला होता, मी काहीतरी सबब सांगितली, तिला कळलं. तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही. बघायचं टाळलं.

वीस वर्षं मी माझी परमहंस सभा चालवत होते आणि स्वतःला मोठ्या मनाची समजत होते.

आणखी एक. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई आत स्वयंपाकघरात बसतात. मी बाहेर बायकांना वाण देते, त्या आत तिळगूळ मोजून वाट्यांत भरतात. मी कधी बाहेर या म्हटलं नाही. त्यांनाच आवडणार नाही, असं मीच ठरवून टाकलेलं. सोवळ्याचं ओझं त्या माझ्यावर टाकतात म्हणून मी कुढत होते. आणि वैधव्याचं ओझं मी त्यांच्यावर टाकते आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पुस्तक संपवलं त्या रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. पाय चेपता चेपता आधी भांडारकरांच्या लेकीची गोष्ट सांगितली. त्यांनी निमूट ऐकली. मग दिवा मालवायच्या आधी शीरखुर्म्याचं सांगून टाकलं. वीस वर्षांचं, एका दमात. त्या काही बोलल्या नाहीत. कूस बदलून झोपल्या. दुसऱ्या दिवशीही कामापुरतंच बोलणं. तिसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, झालं, नको ते उकरून काढलं. यांचं वय बघायला हवं होतं. यादी फुटल्यावर त्या परमहंसांच्या घरात काय झालं असेल, ते मला त्या तीन दिवसांत कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी नारळ खवत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, त्या खिरीत सुकं खोबरं घालतात की ओलं. मी सांगितलं, सुकं, काप करून, तुपात परतून. त्यांनी मान हलवली. तरीच, तुझ्या पदराला दरवर्षी तुपाचा वास यायचा, असं म्हणून वाती वळायला निघून गेल्या.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. लपवाछपवीचा त्रास तेवढा मी आणि माझी मैत्रीण सोसत होतो. त्यातही जास्त तीच.

पुढच्या ईदला मी डबा घरी आणणार आहे. सासूबाई खातील की नाही, माहीत नाही. नाही खाल्ला तरी तो झाकून ठेवायचा नाही, ओट्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, एवढं ठरवलं आहे. आणि संक्रांतीला पहिलं वाण आतल्या खोलीत घेऊन जायचं, त्यांच्या हातात द्यायचं आणि बाहेर चला म्हणायचं. त्या येतील, न येतील. विचारायचं तर आपल्या हातात आहे ना?

लेकीला स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. भाषणात तिने परमहंस सभेचा भाग घेतला नव्हता, वेळ पुरला नाही म्हणाली. पण गुप्त का, या तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तिला द्यायचं होतं, ते दिलं. भीती वाटते म्हणून माणसं आधी कडी लावून चांगलं वागतात, बाळा. त्यात लाज नाही. कडी काढायला विसरू नये मात्र.